छाती ४४, दंड साडेपंधरा: आईच्या मापाचा तयार कुर्ता कुठे मिळेल? (देवगड-कणकवली परिसर)

सुरंगी

नमस्कार मंडळी. तीन आठवड्यांवर मामेभावाचं लग्न आलंय, कणकवलीला. आईला गुडघ्याचं दुखणं लागल्यापासून दिवसभर साडीत वावरणं जमत नाही. "हळदीला आणि पूजेला मी कुर्ता घालीन," असं ती या वेळी आपणहून म्हणाली. एकसष्ट वर्षांत पहिल्यांदा. मला इतका आनंद झाला की रविवारी सकाळच्या एसटीने तिला घेऊन कणकवली गाठली.

पाच दुकानं फिरलो. पहिल्या दोन ठिकाणी "डबल एक्सएलपर्यंतच आहे" एवढंच उत्तर. तिसऱ्या दुकानातला डबल एक्सएल छातीवर अडला. चौथ्या दुकानातला छातीत बसेलसा वाटला, पण बाही दंडाशी अडकली. पडदा लावलेली कोपऱ्यातली जागा, आत पंखा नाही, एप्रिलचा उकाडा. आतून आईचा हलक्या आवाजात शब्द आला, "गो, जरा आत ये." कुर्ता अर्धा डोक्यात, अर्धा दंडात, बगलेतली शिवण ताणून तिचे पांढरे टाके दिसायला लागलेले. आम्ही दोघींनी तो इंच-इंच करत वर ओढून काढला. फाटला तर पैसे भरावे लागतील या धास्तीने तिचे हात थरथरत होते. पाचव्या दुकानात तर आम्ही पायरी चढलो नाही तोच काउंटरवरच्या मुलाने चारचौघांत सांगितलं, "यांच्या मापाचं आम्ही ठेवत नाही."

आई म्हणाली, "राहू दे. माझ्याकडे तो निळा आहे ना, चालेल." परतीच्या एसटीत ती खिडकीबाहेर बघत बसली, देवगड येईपर्यंत बोलली नाही.

माझ्या आईने तीस वर्षं दुसऱ्यांच्या बागांत आंब्याच्या पेट्या उचलल्यात. तिचे खांदे आणि दंड त्या कामाने घडलेत. त्यांच्यासाठी तिला मान खाली घालावी लागली, हे मला अजून सहन होत नाहीये.

रात्री मी टेप घेऊन तिची मापं घेतली. छाती ४४, कंबर ४१, सीट (म्हणजे नितंबांचा घेर) ४७, दंड साडेपंधरा, खांदा १५, उंची जेमतेम पाच फूट. मग ऑनलाइन थ्री एक्सएल मागवला. टॅगवर ४६ लिहिलंय. छातीत छान बसला, बाही पुन्हा दंडातच अडली, आणि लांबी पोटरीपर्यंत. परत करायला गेले तर आमच्या पिनकोडवरून माल उचलायची सोयच नाही, आपल्या खर्चाने कुरिअर करा म्हणतात. कुर्ता तसाच घरात पडलाय.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. सावंतवाडीपासून रत्नागिरीपर्यंत मोठी मापं नीट मिळतात असा बाजार कुठला? घेण्याआधी माप कळायची काही युक्ती आहे का? आणि घरात पडलेल्या या कुर्त्याची बाही वाचवता येईल का?

तिरफळ

सुरंगी, वाचून गलबलून आलं. माझ्या सासूबाईंच्या बाबतीत रत्नागिरीत अगदी हेच घडलंय. त्यानंतर सासूबाई कुठल्याच दुकानात यायला तयार नसतात. "तूच आण काहीतरी," म्हणतात, आणि अंगावर न घालता आणलेलं कधी बसत नाही.

युक्तीचं सांगते. तिच्या अंगाचं माप घेऊन दुकानात जाऊ नकोस, तिच्या कपड्याचं घेऊन जा. तो निळा कुर्ता तिला नीट होतो ना? तो पलंगावर सपाट पसर, सुरकुत्या हाताने सारख्या कर. एका बगलेपासून दुसऱ्या बगलेपर्यंत टेप लाव आणि आकडा दुप्पट कर. तसंच सीटच्या रेषेवर, तसंच बाहीचं, बगलेला लागून. दुकानात पिशवीतून टेप काढायची आणि काउंटरवरच कुर्ता पसरून मोजायचा. ट्रायल रूममध्ये जायची वेळच येत नाही. सुरुवातीला दुकानदार बघत राहतात, मग सवय होते त्यांना.

गलबत

मी बायकोसाठी खरेदी करतो म्हणून या आकड्यांच्या मागे लागलो होतो. टॅगवरचा आकडा दोन वेगळ्या गोष्टी सांगू शकतो आणि बहुतेक घोटाळा तिथेच होतो. काही कंपन्या अंगाचं माप छापतात: ४४ म्हणजे ४४ छातीच्या बाईसाठी, कपडा प्रत्यक्षात ४६-४७ भरतो. काही जण कपड्याचंच माप छापतात: ४४ म्हणजे कुर्ता बरोबर ४४. तुमच्या आईला तो घातला की श्वास घ्यायलाही जागा उरणार नाही. कुर्त्याला अंगापेक्षा निदान दोन इंच सैलपणा लागतोच, आपल्या दमट हवेत तीन बरे. टॅगवर 'टू फिट बस्ट' असं लिहून सेंटिमीटर दिले असतील तर ते अंगाचं माप. अडीचने भागलं की ढोबळ इंच कळतात, नेमके हवे असतील तर २.५४ ने भागा.

आणि हे आकडे कुठून आले तेही सांगतो, कारण ते कळल्यावर माझ्या बायकोच्या मनावरचं ओझं खरंच उतरलं. अमेरिकेत १९३९-४० मध्ये सरकारने सुमारे १५,००० बायकांची मापं घेतली, प्रत्येकीची ५९. त्यातून काढलेल्या निष्कर्षांत फक्त गोऱ्या बायकांची मापं धरली होती. पुढे १९५८ मध्ये त्या आधारावर तिथलं प्रमाण ठरलं आणि १९८३ मध्ये ते रद्दही झालं, कारण खऱ्या बायकांना ते बसतच नव्हतं. त्यानंतर प्रत्येक कंपनी आपापला आकडा ठरवायला मोकळी झाली. आपल्याकडे स्वतःचं मापच नव्हतं, इंग्लंड-अमेरिकेचे तक्ते थोडे इकडेतिकडे करून वापरले गेले. अलीकडे फॅशनचं शिक्षण देणाऱ्या निफ्ट या संस्थेने देशव्यापी मोजणी हाती घेतली, २५,००० स्त्री-पुरुषांची, अंगाला हात न लावता यंत्राने. शहरं सहा: दिल्ली, मुंबई, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता, शिलाँग. आपल्या किनाऱ्याला जवळचं म्हणायचं तर त्यात मुंबई तेवढी.

आईंना सांगा, पाच दुकानांतल्या एकाही कुर्त्याने त्यांचं माप विचारून जन्म घेतलेला नाही.

सुरंगी

गलबत, हे मी आईला आत्ता वाचून दाखवलं. "म्हणजे माझ्यासारखी कोणी मोजलीच नाही," म्हणाली. आणि बऱ्याच दिवसांनी पहिल्यांदा जेवताना नीट बोलली.

तिरफळ, निळा कुर्ता मोजला. छातीत ४७ आणि बाहीत बगलेजवळ १७ भरतो. नव्या कुर्त्याची बाही १५. आता कळलं का अडकते.

माडावरची

आमच्याकडे मालवणात माझी आये बाजारात गेली की दुकानात पाय ठेवताना मोठ्यान सांगता, "माका होतलो असो येक ड्रेस दाखय गो, नसलो तर तसा सांग, माका येळ नाय." मासे विकून सगळा आयुष्य गेला तिचा, ती कोणाक घाबरत नाय. पण घरी येवन कधी कधी गप बसता ता आमकाच म्हायत. तुझ्या आयेक आमचो नमस्कार सांग.

शिवणघर

चिपळूणला माझं शिवणाचं दुकान आहे. सुरंगी, कुर्ता परत पाठवू नकोस. तो वाचतो आणि चांगला वाचतो.

आधी कारण सांगते. तयार कपड्याचं एक माप कागदावर नीट काढतात आणि बाकीची मापं त्यातून वाढवत नेतात. छाती प्रत्येक पायरीला दोन इंच वाढते, तिच्याबरोबर खांदा आणि लांबीही वाढत जाते. पण बाई वाढते ती तशी वाढत नाही. २०२१ च्या जुलैच्या पुरात माझं मशीन पाण्याखाली गेलं, मापांची वही माळ्यावर होती म्हणून राहिली. एक गिऱ्हाईक माझ्याकडे लग्नापासून येतं. लग्नाचा ब्लाउज शिवला तेव्हा छाती ३४, दंड साडेदहा, खांदा साडेचौदा. अठरा वर्षांनी छाती ४२, दंड साडेचौदा आणि खांदा १५. हाडं तीच राहतात, भरतात ते दंड, छाती आणि सीट. म्हणून मोठा आकडा घेतला की खांदा ओघळतो आणि बाही तरीही घट्टच. तुझ्या आईची मापं वाचून मला तीच वही आठवली.

आता काम. तुझ्या कुर्त्याची लांबी किती? पाच फुटी बाईला पोटरीपर्यंत म्हणजे ४५-४६ असणार. आईला ४० पुरेल. खालून पाच इंचांचा पट्टा काप, वर उरलं त्यात एक इंच दुमडीला. त्या पट्ट्यातून तीन इंच रुंद अशा दोन पट्ट्या काढ. बाहीची खालची शिवण मोहरीपासून, म्हणजे बाहीच्या टोकापासून, बगलेपर्यंत पूर्ण उसव आणि तशीच पुढे कुशीची शिवणही चार इंच उसव. तिथे ही पट्टी बसव. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच शिवणीत जाईल, म्हणजे बाही दोन इंच मोठी होऊन १७ भरेल, निळ्या कुर्त्याइतकी. बगलेखाली पट्टी निमुळती करत नेऊन कुशीत संपव. तिथे एकदम तोडलीस तर चुणी पडते आणि हात वर केला की तिथेच उसवतं. जुन्या बायका झंपराला बगलेत चौकोनी तुकडा, चौबगला, लावायच्या तो याचाच भाऊ.

एक मात्र आधी कर. कुर्ता सुती असेल तर कापायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळव. रेयॉन असेल तर भिजवणं जास्तच गरजेचं, तो आटतो. न भिजवता शिवलास तर दुसऱ्या धुण्याला आहेस तिथेच परत येशील.

सुरंगी

शिवणघर, लांबी मोजली, बरोबर ४६. तुम्ही न बघता सांगितलंत! कुर्ता सुती आहे. आत्ता बादलीत टाकला.

दोन_वेण्या

थोडं वेगळं लिहू का? माझी छाती ३१ आहे. मी रत्नागिरीला कॉलेजात शिकते. दुकानात मला "लहान मुलींच्या विभागात बघा" म्हणतात. तिथले कपडे छातीत बसतात, पण उंचीला तोकडे पडतात आणि त्यावर फुलपाखरं असतात. मुलाखतीला घालायला साधा शर्ट हवा होता, तोही शेवटी शिवून घेतला. सगळ्यांना वाटतं बारीक असलं की काहीही होतं. तसं नाही होत.

तिरफळ

दोन_वेण्या, बरं झालं लिहिलंस. तुलाही टेपच कामी येईल. खांदा बसतोय तो कुर्ता घे, कुशीतून आत घेता येतं. खांदा कमी करणं मात्र शिंप्यालाही त्रासाचं काम, पैसेही जास्त जातात.

खाडीपलीकडे

कुडाळात माझं बायकांच्या कपड्यांचं छोटं दुकान आहे. हा धागा बहिणीने पाठवला. काउंटरच्या या बाजूचं थोडं सांगते. त्या मुलाची मी बाजू घेत नाही, तसं बोलणं चूकच. पण माल का नसतो ते तुम्हाला कळायला हवं.

कुर्ती घाऊक बाजारात सेटमध्ये मिळते. एका डिझाइनच्या एका सेटमध्ये एम, एल, एक्सएल, डबल एक्सएल असे चार नग, प्रत्येकी एक. सुटा नग कोणी देत नाही. मी दहा डिझाइनं आणली तर डबल एक्सएलचे माझ्याकडे दहाच नग असतात आणि ते पहिल्या आठवड्यात जातात. एम मात्र पावसाळ्यापर्यंत कपाटात पडून राहतो. थ्री एक्सएल आणि त्यावरचा माल वेगळ्या सेटमध्ये येतो, त्याची डिझाइनं वेगळी आणि भाव जास्त. लहान दुकानदार घाबरतो, कारण आपल्याकडे जूनच्या आत माल गेला नाही तर दमटपणाने घडीवर पिवळे डाग पडतात. हलक्या रंगाचे कपडे तर ऑगस्टपर्यंत बुरशी धरतात. तो माल मग कोण घेणार?

मीही कितीतरी वर्षं "नाहीये" एवढंच सांगत होते. एकदा एक बाई काही न बोलता वळली आणि बाहेर जाऊन चपला घालताना डोळे पुसताना मला दिसली. त्या दिवसापासून गल्ल्याशेजारी एक वही ठेवली. जी बाई रिकाम्या हाताने जाते तिला विचारते, "काकू, काय हवं होतं? माप लिहून ठेवू का?" रंग, लांबी, बाही पूर्ण की पाऊण, आणि फोन नंबर. ही वही घेऊन मी मुंबईला गेले. घाऊकवाल्याला सांगितलं, हे बघा, ही माझी गिऱ्हाइकं, नावानिशी. तेव्हापासून मी मोठा सेट आणते, कारण आणण्याआधीच मला माहीत असतं तो कुणाच्या अंगावर जाणार आहे.

तेव्हा सुरंगी, पुढच्या वेळी कुठल्याही दुकानातून नुसतं परत फिरू नका. "मागवून द्याल का?" असं विचारा आणि माप लिहून द्या. पाच जणींनी विचारलं की दुकानदाराला माल आणायचा धीर येतो.

आंबोळी

बराच वेळ लिहू की नको करत होते. आतल्या कपड्यांचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते.

आमच्या गावात दुकानात पुरुषच बसतात. माझी आई आयुष्यभर "अडतीस द्या" म्हणून कागदात गुंडाळलेला पुडा पिशवीत टाकून आणायची. तिच्या खांद्यांवर पट्ट्यांचे खोल काळे वळ होते, आणि पावसाळ्यात छातीखाली घामाने चट्टे उठून खाज यायची. ती ते सोसतच राहिली. मला बाळ झाल्यावर मुंबईत एका बाईंनी नीट माप घेतलं तेव्हा मला कळलं की मीही अकरा वर्षं चुकीचं वापरत होते.

दोन मापं लागतात. पहिलं छातीच्या बरोबर खाली, श्वास सोडून, टेप घट्ट धरून. तो पट्ट्याचा आकडा, समजा ३६. दुसरं छातीच्या सगळ्यात भरलेल्या भागावर, टेप सैलसर, जमिनीला समांतर. समजा ४०. या दोन्हींतला फरक म्हणजे कप: एक इंच ए, दोन बी, तीन सी, चार डी. म्हणजे ३६ डी. माझी आई ३६ डी असताना ३८ बी घालत होती. कप लहान म्हणून पट्टा मोठा घेतला, पट्टा मोठा म्हणून तो पाठीवर वर चढला आणि सगळा भार खांद्यांवर आला. भार पेलायचा असतो खालच्या पट्ट्याने. पट्टा मागे पाठीवर सरळ रेषेत राहिला पाहिजे आणि त्याखाली दोन बोटं जेमतेम गेली पाहिजेत. नवा घेताना सगळ्यात बाहेरच्या हुकावर बसला पाहिजे, कारण पुढे इलॅस्टिक सैल पडतं तेव्हा आतले हुक उपयोगी येतात. आपल्या हवेत ते लवकर सैल पडतं.

आईला मी गेल्या दिवाळीत घरीच मोजलं. आधी नको-नको म्हणाली. पंधरा दिवसांनी फोनवर म्हणाली, "खांदे दुखायचे थांबले गो माझे." सत्तरी आलीय तिची.

सुरंगी

आंबोळी, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल फार आभार. आज रात्रीच आईचं हेही माप घेते. तिचेही खांदे दुखतात आणि आम्ही सगळे ते पेट्यांच्या वजनाचं धरून चाललो होतो.

गलबत

परतीबद्दल राहिलं होतं. बऱ्याच दुकानांत पाटी असते, एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. बिलावर मुदत लिहिली असेल तर ती, नसेल तर ३० दिवस. पण माप बसलं नाही हा मालातला दोष ठरत नाही, हे लक्षात ठेवा. म्हणून पैसे देण्याआधी विचारायचं, "माप नाही बसलं तर बदलून द्याल ना, किती दिवसांत?" आणि ते बिलाच्या मागे लिहून घ्यायचं. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

तिरफळ

बाजाराचं कोणी लिहिलंच नाही, मी लिहिते. रत्नागिरीत राम आळीत लहान जुनी दुकानं आहेत, तिथे मागवून द्यायला तयार होतात. मारुती मंदिराच्या बाजूला नवी मोठी दुकानं आहेत, तिथे ट्रायल रूम बऱ्या आहेत. पण तुम्हाला देवगडहून मला वाटतं फोंडाघाटाने कोल्हापूर गाठणं सोयीचं पडेल, महाद्वार रोडला एका दिवसात खूप दुकानं बघून होतात. आईचे गुडघे दुखतात म्हणता तर त्यांना घाटातून हिंडवू नका. निळा कुर्ता आणि टेप घेऊन तुम्ही एकट्याच जा.

शिवणघर

किंवा कापड घेऊन शिवा. फक्त कापड किती घ्यायचं ते नीट ऐक, इथे फार जणी फसतात. तयार ड्रेसपीसमध्ये टॉपचं कापड अडीच मीटर असतं. तुझ्या आईची सीट ४७, सैलपणा धरून ५१. पुढचा भाग निम्मा, साडेपंचवीस, अधिक शिवणीची माया, म्हणजे शिवणीत ठेवायचं जादा कापड, दोन इंच, झाले साडेसत्तावीस. कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, ४४. पुढचा आणि मागचा भाग शेजारी-शेजारी बसत नाहीत, म्हणून लांबी दुमडीसह दोनदा लागते: ४२ आणि ४२, ८४ इंच. कडेला जो साडेसोळा इंचांचा तुकडा उरतो त्यात आईची बाही निघत नाही, कारण ती शिवणीसह १८ होते. बाह्यांच्या लांबीसाठी आणखी १७ इंच. झाले १०१ इंच, म्हणजे अडीच मीटरहून थोडं जास्तच, आणि भिजवल्यावर आटणार ते वेगळं. पावणेतीन मीटर सांगून घे. अडीचचाच पीस आवडला तर बाही लहान करावी लागते किंवा दुसऱ्या कापडाची लावावी लागते.

आणि शिंपिणीला "माया ठेवा" हे आठवणीने सांग. प्रत्येक कुशीत एक-एक इंच. माझी आजी नऊवारी नेसायची, साडीला माप नव्हतंच तिच्या, पण चोळीत माया नसली तर ती शिलाई द्यायची नाही.

सुरंगी

आठ दिवसांनी लिहितेय, उशिराबद्दल माफी.

कुर्ता भिजवला तो लांबीला एक इंच आटला. खालून पाचऐवजी चारच इंच कापले. आमच्या वाडीतल्या काकूंकडे जुनं हातमशीन आहे, त्यांना शिवणघर यांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी ओळ-ओळ थांबवून ऐकलं आणि "बगलेखाली निमुळती" हे पुन्हा वाचायला लावलं. दुपारभर बसून पट्टी लावली. आईने घातला. मग शिकाळ्यावरचं भांडं काढतात तसे दोन्ही हात वर केले, खाली घेतले, पुन्हा वर केले. शिवण जागची हलली नाही. पट्टी बाहेरून दिसतही नाही, रंग तोच आहे ना.

मग ती आरशासमोरून लवकर हलेना. मी स्वयंपाकघरात निघून गेले, तिला तिथे एकटीला राहू दिलं.

आतलं मापही घेतलं. निघालं ४० डी. ती ४२ घालत होती.

खाडीपलीकडे ताई, पूजेसाठी दुसरा कुर्ता अजून हवाच आहे. तुमच्या वहीत आईचं माप लिहाल का? कुर्ता छातीत ४७, सीटला ५१, बाही पाऊण आणि दंडात १७, लांबी ४०. रंग तिने स्वतः सांगितलाय, आमसुली. वाडीतल्या आणखी चौघींनी मापं दिलीत, तीही पाठवते.

खाडीपलीकडे

लिहिलं. आमसुली, पाऊण बाही, दंड १७. लांबी ४० तयार मालात मिळणार नाही, ४४ मिळेल, खालचं कापड फेकू नका म्हणून काकूंना सांगा.

बाकी चौघींच्या दंडाची मापं नाहीयेत तुमच्या यादीत, छातीच लिहिलीय. ती शुक्रवारपर्यंत पाठवा. शनिवारी रात्री कोकणकन्येने निघतेय, सोमवारी बाजार करून मंगळवारी कुडाळला परत. लग्नाच्या आधी आठ दिवस हातात राहतील. आईंना घेऊन या, दुकानात पंखाही आहे आणि बसायला खुर्चीही.